परवान्याआधीचा धडा
नागपूर शहरात पिस्तुलाचा परवाना पोलीस आयुक्त देतात. वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत, पोलिसांचा चौकशी अहवाल हवा आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही. जिवाला धोका असलेल्याला वर्गात कशाला बसवायचे, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे, हा समज घरातल्यांच्याच जिवावर उठतो. चेंबरमध्ये एक गोळी उरलेली असू शकते. स्लाइड मागे ओढून डोळ्यांनी खात्री करायची सवय कागद वाचून लागत नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे झाली. हाताची सवय तेवढी टिकत नाही, म्हणून नूतनीकरणावेळी ती पुन्हा तपासावी. वरातीत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला त्याच दुरुस्तीने २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत, मग तो नवरदेवाचा मामा का असेना.