प्रोसेसरचा वेग वाढवताना

डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर अनेकांनी ४५० मेगाहर्ट्झवर चालवला, तेव्हापासून हा छंद घराघरांत पोहोचला. २०११ च्या कोअर आय७-२६००के या प्रोसेसरने तो आणखी सोपा केला. १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका आणि ३४ चा गुणक मिळून त्याचा ३.४ गिगाहर्ट्झ वेग होतो. हा गुणक बायोसमध्ये बदलता येतो, म्हणून ४५ लिहिले की ४.५ गिगाहर्ट्झ. लिहिणे सोपे आहे. तो वेग टिकतो का, हे शोधण्यात सगळे कौशल्य आहे.

३.४ गिगाहर्ट्झला प्रत्येक ठोक्यासाठी ०.२९ नॅनोसेकंद मिळतात, ४.५ ला फक्त ०.२२. तेवढ्या वेळात ट्रान्झिस्टरच्या लांब साखळीतून संकेत पार पडला नाही, तर पुढच्या टप्प्यात चुकीचा आकडा जातो. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर लवकर पलटतात, आणि हुकलेली वेळ पुन्हा साधते. मात्र खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ३.४ वरून ४.५ आणि व्होल्टेज १.२ वरून १.३५ केले, तर विजेचा खर्च सुमारे दोन तृतीयांशाने वाढतो. ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते. तापलेल्या चिपमधून वीज जास्त गळते, त्यामुळे ती आणखी तापते. म्हणून व्होल्टेज हे औषध ठरावीक मात्रेपर्यंतच लागू पडते.

बिघाड कधी होतो, यावरून कारणाचा माग काढता येतो. संगणक सुरूच होत नसेल, तर वेगाची उडी फार मोठी आहे. मदरबोर्डवरचा सीमॉस क्लिअर जंपर वापरून किंवा बोर्डावरची छोटी बॅटरी काढून मूळ सेटिंग परत आणावे लागते. विंडोज सुरू होते पण भार पडताच निळा पडदा येतो आणि त्यावर ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’ दिसते, तेव्हा बहुधा कोअरचे व्होल्टेज कमी पडलेले असते. भर कामात संगणक नीट चालतो आणि रिकामा बसला असताना गोठतो, हा प्रकार सर्वांत चकवणारा. ऑफसेट पद्धतीने, म्हणजे प्रोसेसर मागतो त्या आकड्यात ठरावीक फरक करून, व्होल्टेज दिलेले असेल, तर कमी वेगाच्या अवस्थेत ते फारच खाली जाऊ शकते. वरचे टोक तपासताना खालचे टोक विसरले जाते, ते असे.

मात्र बंद पडणाऱ्या संगणकापेक्षा न बोलता चुकणारा संगणक जास्त घातक. त्यावर साठवलेली फाइल आतून बिघडते आणि ते महिन्यांनी कळते. म्हणून विंडोज सुरू होणे हा स्थैर्याचा पुरावा मानू नये. मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी लिहिलेला प्राइम९५ हा प्रोग्राम इथे उपयोगी पडतो, कारण तो आपल्या गणिताची उत्तरे आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून पाहतो. त्यातली लहान एफएफटी चाचणी कोअर तापवते, ‘ब्लेंड’ चाचणी मेमरीलाही कामाला लावते. पहिली तासन्‌तास टिकली आणि दुसरी कोसळली, तर संशय रॅमवर किंवा मेमरी कंट्रोलरवर घ्यावा. हा घोळ टाळायचा तर सुरुवातीला रॅम तिच्या साध्या वेगावरच ठेवावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चाचणी जानेवारीत पार पडली असेल, तर मे महिन्यात ती पुन्हा घ्यावी. खोली १० अंशांनी तापली, की चिपही जवळपास तेवढीच तापते.

बायोसमध्ये लिहिलेले व्होल्टेज आणि चिपला मिळणारे व्होल्टेज यांतही फरक असतो. भार पडला की ते खाली येते, याला व्हीड्रूप म्हणतात. लोड-लाइन कॅलिब्रेशन हे सेटिंग ती घसरण भरून काढते. अनेक जण ते सर्वांत वरच्या पायरीवर ठेवतात, ते टाळावे. भार अचानक सुटल्यावर व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्या आकड्याच्याही वर उसळते, आणि हा क्षण इतका छोटा असतो की तपमान-व्होल्टेज दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तो दिसत नाही. मधली पायरी आणि थोडी घसरण हेच चिपच्या हिताचे.

हद्द आली हे ओळखण्याची खूण स्पष्ट आहे. सुरुवातीला गुणक एकाने वाढवायला व्होल्टेजची थोडीशी वाढ पुरते. मग एका टप्प्यावर तेवढ्याच वेगासाठी पूर्वीच्या दुप्पट-तिप्पट वाढ लागते, आणि पुढे व्होल्टेज वाढवूनही चुका थांबत नाहीत, कारण आता अडथळा उष्णतेचा असतो. त्या वळणाच्या एक पायरी मागे थांबावे. हे वळण प्रत्येक चिपचे वेगळे असते. एकाच मॉडेलच्या दोन प्रोसेसरांतही ते सारखे नसते, म्हणून दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उतरवून काम भागत नाही.

जास्त व्होल्टेजचा परिणाम कायमचाही असतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत तर ओव्हरक्लॉकिंग न करताही हे घडले. प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. त्यामुळे स्थिर चालण्यासाठी लागणारे किमान व्होल्टेज हळूहळू वर सरकले आणि खेळ, प्रोग्राम कोसळू लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने मायक्रोकोड बदलून १.५५ व्होल्टच्या वरच्या मागणीला आळा घातला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेली चिप मात्र त्या दुरुस्तीने पूर्ववत होत नाही. ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरमध्येही लक्षण हेच: वर्षभर टिकलेले सेटिंग काही न बदलता डगमगू लागते. तेव्हा आधी हीटसिंकची धूळ, थर्मल पेस्ट आणि पॉवर सप्लाय तपासावा. तिथे दोष नसेल, तर व्होल्टेज वाढवण्याऐवजी गुणक एक-दोन पायऱ्यांनी उतरवावा.