चौदा माणसांचे गाव

१८७८ सालचा वसंत ऋतू. अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या उजाड माळावरून गाड्यांचा एक तांडा चालला होता. केंटकी राज्यातून आलेली विलियाना हिकमन त्यात होती. गाव आले, असा पुरुषांनी पुकारा केला. पण तिला एकही घर दिसेना. दिसत होता तो फक्त जमिनीतून वर येणारा धूर. जवळ गेल्यावर उलगडा झाला. माणसे जमिनीत बिळांसारख्या खोल्या खणून राहत होती! विलियानाला रडूच कोसळले.

त्या गावाचे नाव निकोडेमस. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, तरी कृष्णवर्णीयांच्या हाती स्वतःची जमीन आली नव्हती. १८६२ च्या कायद्यानुसार मात्र पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळत. त्याच आशेने १८७७ मध्ये सुमारे तीनशे माणसे केंटकीहून येथे आली. समोरचा ओसाड माळ पाहून कित्येक कुटुंबे आल्या पावली परतली. उरलेल्यांकडे ना पुरेशी जनावरे, ना नांगर. घरांसाठी लाकूडही नव्हते. कुदळी-फावड्यांनी त्यांनी जमीन उकरली आणि पहिला हिवाळा कसाबसा काढला.

हळूहळू गाव उभे राहिले. शाळा, चर्च, टपाल कचेरी, हॉटेल, दुकाने आली. आता आगगाडी आली की भाग्य उजळणार, असे सर्वांना वाटू लागले. १८८७ मध्ये गावाने रेल्वेसाठी १६,००० डॉलरचे कर्जरोखे काढायचे ठरवले. पण १८८८ मध्ये रूळ पडले ते सॉलोमन नदीच्या पलीकडून, काही मैल अंतरावर! व्यापारी दुकाने उचलून रेल्वेकडे गेले. १९३० नंतरच्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी आणखी माणसे पांगली. १९५३ मध्ये टपाल कचेरीला टाळे लागले.

२०२० च्या जनगणनेत निकोडेमसमध्ये अवघी १४ माणसे नोंदली गेली. येथे नगरपालिकाही नाही. तरीही गुलामगिरीतून सुटलेल्यांनी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस वसवलेल्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एकच टिकून आहे. १९९६ मध्ये सरकारने तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला.

जुलैअखेरीस मात्र गाव ओळखू येत नाही. गुलाममुक्तीचा सोहळा येथे १८७८ पासून चालत आला आहे. त्यासाठी देशभर विखुरलेले वंशज लेकराबाळांसह येतात. मिरवणूक निघते, पंगती बसतात, चर्चमध्ये भजने घुमतात. जुन्या शाळेसमोर उभे राहून आजी-आजोबा नातवंडांना सांगतात, आपली माणसे येथे जमिनीखाली राहिली, ती स्वतःच्या जमिनीसाठी.

दोन-तीन दिवसांनी गाड्या परततात आणि माळ पुन्हा शांत होतो. उरलेली मोजकी माणसे पुढल्या जुलैची वाट पाहतात.