उष्णतेची पाठवणी

मोटारीच्या इंजिनाची थोरवी आपण अश्वशक्तीत मोजतो. त्याच्या पोटातला जमाखर्च पाहिला तर चित्र जरा वेगळे दिसते. जळणाऱ्या पेट्रोलमधून मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा गाडी पुढे ढकलण्याच्या कामी येतो. साधारण तेवढाच वाटा सिलिंडरच्या भिंतींतून थंडाव्याच्या पाण्यात उतरतो आणि उरलेला धुराबरोबर एक्झॉस्टच्या नळीतून बाहेर पडतो. म्हणजे शंभर अश्वशक्ती कामाला लागते तेव्हा दोनशे अश्वशक्तींच्या तोडीची उष्णता गाडीतच कुठेतरी मोकळी होत असते, आणि तिला जायला वाट हवी असते.

कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडणाऱ्या गाडीत ही वाट आधीच आखलेली असते. उन्हाळ्यातले घाट, शहरातली कोंडी, वाळवंट अशा ठिकाणी तिची परीक्षा झालेली असते. पण विक्रमासाठी, शर्यतीसाठी किंवा निव्वळ हौसेपोटी जी गाडी एकच बांधली जाते, तिचे तसे नसते. तिथे लहान अंगात मोठे इंजिन बसवलेले असते, आणि ते बसवणाऱ्याचे सगळे लक्ष वेगावर असते. अशा गाड्यांचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा ध्यानात येते. उष्णता नाहीशी करण्याची युक्ती कोणालाच सापडलेली नाही. तिला काही काळ साठवता येते, आल्या पावली परतवता येते किंवा दार दाखवता येते. यांतले काहीच केले नाही, तर ती सर्वांत जवळ बसलेल्या माणसाकडे वळते.

साठवणीचे सर्वांत धाडसी उदाहरण 1930च्या दशकातले आहे. जमिनीवरच्या वेगाच्या विक्रमासाठी तेव्हा इंग्रज चालक अमेरिकेत, युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर जात. 3 सप्टेंबर 1935 रोजी माल्कम कॅम्बेल यांनी तिथे 'ब्लू बर्ड' ही गाडी ताशी 301 मैलांनी, म्हणजे सुमारे 485 किलोमीटर वेगाने पळवली. तिच्यात रोल्स-रॉइसचे 36 लिटरहून मोठे विमानी इंजिन होते. एवढ्या इंजिनाला रेडिएटरही तसाच लागतो. मात्र रेडिएटरमधून हवा ओढून घेणे म्हणजे गाडीच्या तोंडाला जणू परडी बांधून धावणे. हवेचा अडथळा ओलांडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ती आठपट लागते. म्हणून गाडीचे रचनाकार रीड रेल्टन यांनी रेडिएटरच्या तोंडाशी एक झडप ठेवली होती. मोजणीचा मैल आला की चालकाने ती मिटायची, आणि मैल संपला की उघडायची.

झडप मिटली आणि वेग मिळाला, पण त्याची किंमत चालकाने मोजली. समोरच्या काचेवर तेलाचा थर चढू लागला आणि इंजिनाचा धूर चालकाच्या जागेत शिरला. हवेची नेहमीची वाट बंद होताच आतल्या गरम वायूंनी आपली वाट शोधली होती.

याच रेल्टन यांनी पुढे जॉन कॉब यांच्यासाठी 'रेल्टन स्पेशल' बांधली, तेव्हा रेडिएटर मुळातच वगळला आणि त्याच्या जागी बर्फाची टाकी बसवली. कल्पना अगदीच नवी नव्हती; 1929 साली हेन्री सीग्रेव्ह यांच्या 'गोल्डन ॲरो'मध्येही बर्फाचा वापर झाला होता. पण रेल्टन यांनी ती शेवटापर्यंत नेली. गाडीच्या तोंडाला हवेसाठी मोठे भोक ठेवण्याची गरजच उरली नाही.

हे कसे जमले असेल, ते साध्या हिशेबाने पडताळता येते. गाडीतली दोन नेपियर लायन इंजिने मिळून सुमारे 2,500 अश्वशक्ती देत, म्हणजे जवळपास 1,860 किलोवॅट. वरच्या ढोबळ वाटणीप्रमाणे तेवढीच उष्णता पाण्यात उतरते असे धरू. आता समजा, टाकीत 300 किलो बर्फ आहे. तो नुसता वितळायला सुमारे 100 मेगाज्यूल उष्णता घेतो. शाळेत शिकलेला 'अप्रकट उष्मा' तो हाच. ही सारी उष्णता पोटात घेऊनही तापमान शून्यावरून हलत नाही. पुढे ते पाणी उकळीच्या टोकापर्यंत तापायला आणखी सुमारे 125 मेगाज्यूल लागतात. एकूण 225 मेगाज्यूलना 1,860 किलोवॅटने भागले की उत्तर येते सुमारे दोन मिनिटे. ताशी 350 मैल वेगाने एक मैल कापायला साडेदहा सेकंदही लागत नाहीत. वेग घेण्याचा काळ जमेस धरूनही दोन मिनिटांची उसनवारी पुरते. विक्रमासाठी तासाभरात उलट दिशेनेही धावावे लागे. मधल्या वेळात टाकी पुन्हा भरता येई.

15 सप्टेंबर 1938 रोजी कॉब यांनी ताशी 350.20 मैलांचा विक्रम केला. तो एकच दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी जॉर्ज आयस्टन यांनी 'थंडरबोल्ट' 357.50 मैलांनी पळवली, आणि तोवर त्यांनीही रेडिएटरला रजा देऊन बर्फाची टाकी बसवली होती. 1947 साली कॉब यांनी हाच विक्रम 394 मैलांपलीकडे नेला.

ही उसनवारी रस्त्यावरच्या गाडीला मात्र परवडत नाही. तिला दोन मिनिटे नव्हे, दोन तास धावायचे असते. तिथे प्रश्न पाण्यापेक्षा एक्झॉस्टचा अधिक बिकट होतो, कारण पाणी शंभरच्या आसपास राहते, तर पूर्ण जोरात चालणाऱ्या इंजिनाच्या धुराचे तापमान 800 अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाऊ शकते. कॅरोल शेल्बी यांनी 1962 साली इंग्लंडच्या 'एसी' कंपनीच्या हलक्या, उघड्या दोन आसनी गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवले. ती 'कोब्रा'. पुढे तिच्यात सात लिटरचे इंजिन आले, आणि काही गाड्यांत एक्झॉस्टच्या नळ्या थेट दाराखालून, गाडीच्या कडेने काढण्यात आल्या. दिसायला देखण्या. उतरताना पोटरी नळीला टेकली की डाग पडणार. कोब्राच्या शौकिनांनी त्याला 'सर्पदंश' असे नाव देऊन टाकले. मोटरसायकलच्या सायलेन्सरचा चटका पोटरीवर वागवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना याचा वेगळा अर्थ सांगायला नको. हौसेने कोब्राच्या प्रतिकृती बांधणारे आणखी एक गाऱ्हाणे सांगतात. इंजिनाच्या नळ्या पाय ठेवण्याच्या पत्र्याच्या खोक्यालगत जातात आणि चालकाचे तळवे भाजून निघतात.

इथे उष्णता परतवण्याचा उपाय कामी येतो. तापलेली नळी न टेकताही भाजते, ते प्रारणामुळे. प्रारण हे केल्व्हिनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. त्यामुळे 800 अंशांचा पृष्ठभाग 400 वर आणला तर प्रारण निम्मे होत नाही. ते जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर येते. नळी आणि पत्रा यांच्यामध्ये, दोन्हीकडे हवेची फट ठेवून बसवलेला एक साधा चकचकीत पत्रा एवढे काम करतो, ते याच नियमामुळे. फट महत्त्वाची. पत्रा नळीला चिकटवला तर तो तिचाच भाग होऊन बसतो.

नळीला काचतंतूची पट्टी गुंडाळणे हा दुसरा लोकप्रिय उपाय. त्याने बाहेरची आच कमी होते आणि आतला वायू गरम राहिल्याने वेगाने बाहेर पडतो. पण उष्णता नळीतच कोंडली जात असल्याने तिचा धातू अधिक तापतो. पट्टीत ओल धरली की साधे पोलाद लवकर गंजते आणि तडकते. सिरॅमिकचा लेप महाग पडतो, पण ओल धरत नाही.

परतवणीचे सर्वांत श्रीमंत उदाहरण म्हणजे मॅक्लॅरेन एफ-वन. 1992 साली जगापुढे आलेल्या आणि 106च बांधल्या गेलेल्या या गाडीचे अंग कार्बन तंतूचे होते. बीएमडब्ल्यूचे बारा सिलिंडरचे इंजिन त्याला लागून होते. ही आच सोसणे त्या अंगाला कठीण, म्हणून रचनाकार गॉर्डन मरे यांनी इंजिनाच्या कप्प्याला सोन्याचा वर्ख लावला. सोने अवरक्त प्रारणाचा 95 टक्क्यांहून अधिक भाग परतवते आणि चांदीसारखे काळवंडत नाही. हा थाट पैशाचा वाटला, तरी त्यामागचे कारण पदार्थविज्ञानाचे होते.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत जास्त चुकणारा: दार दाखवणे. हौशी बांधणारा हवा आत येण्यासाठी मोठी जाळी ठेवतो, पण बाहेर जाण्याची सोय विसरतो. आत आलेली हवा तापून फुगते. तिला येण्याच्या वाटेपेक्षा जाण्याची वाट मोठी लागते. ती वाटही जिथे दाब कमी असेल तिथेच हवी. बॉनेटची मागची कड उचलून ठेवण्याची पद्धत आहे. उभ्या गाडीत त्याने गरम हवा वर निघते. पण धावत्या गाडीत समोरच्या काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, आणि तीच फट हवा आत ढकलू लागते. बॉनेटच्या पुढच्या भागात किंवा चाकांच्या मागे काढलेली भोके हे काम अधिक चोख करतात.

इंजिन बंद केल्यावरही काम संपत नाही. तव्याखालचा जाळ विझला तरी भाकरी करपते, तसेच इथे होते. पाणी आणि पंखा थांबतात, पण तापलेले लोखंड उष्णता सोडतच राहते. कप्प्याचे तापमान उलट चढते. जुन्या कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळते आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. इंजिन बंद झाल्यावरही काही मिनिटे फिरत राहणारा विजेचा पंखा म्हणून चैनीचा मानू नये.

या सगळ्यात एक भिंत सर्वांत मोलाची: इंजिन आणि माणूस यांच्यामधली. वायर, केबल, दांडे जाण्यासाठी तिला पाडलेले प्रत्येक भोक रबराने बंद हवे. ब्लू बर्डमध्ये जो धूर आत शिरला तो निदान कळत होता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो कळेपर्यंत उशीर होतो. वेगाचे आकडे तक्त्यावर लिहिले जातात आणि पुढच्या वर्षी पुसले जातात. गाडी बांधणाऱ्याची समज मात्र आकड्यांत दिसत नाही. कागदावर पहिली रेघ मारतानाच त्याने उष्णतेची वाट आखली होती का, एवढ्यावर ती ठरते.