मिठाची शहरं आणि पेणची मिठागरं

अरबी साहित्य म्हटलं की आपल्याला अजून अलीबाबा आणि सिंदबादच आठवतात. आज आम्ही ज्या अरबस्तानाबद्दल बोलणार आहोत, तिथे जादूचा दिवा नाही, तेलाची विहीर आहे. आणि तिथवर पोचायला पेण-रोह्याहून फार लांब जावं लागत नाही.

रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या काळात आपला रुपया मुंबईच्या बाजारात चाले, तसाच कुवेत-बहारीनच्या बाजारातही चाले. तिथलं चलनच ते होतं. सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालायला १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या गेल्या. १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला, आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर उरलेल्यांनीही रुपया सोडला. पूर्वी तिकडचा व्यापारी मोती घेऊन मुंबईला यायचा. पुढे रोहा, म्हसळा, श्रीवर्धनची माणसं नोकरीला तिकडे जाऊ लागली. एका पिढीत वारा फिरला.

मधल्या काळात तिकडच्या माणसांचं काय झालं, हे आपण कुणाला विचारलं? अब्दुर्रहमान मुनीफ या लेखकाने तेच लिहिलं. जन्म १९३३ चा, अम्मानचा. वडील सौदी, आई इराकी. शिक्षणाने तेलाच्या अर्थशास्त्राचा जाणकार, म्हणजे ज्या विषयावर लिहिलं तो आतून माहीत असलेला माणूस. राजकीय मतांपायी सौदी सरकारने त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. १९८४ पासून त्याची 'मुदुन अल-मिल्ह', म्हणजे 'मिठाची शहरं', ही पाच खंडांची कादंबरी येऊ लागली. सौदी अरेबियात तिच्यावर बंदी आली.

पहिल्या खंडात वादी अल-उयून नावाची हिरवी वस्ती आहे. खजुराची झाडं, झरे, येणारे-जाणारे तांडे. मग अमेरिकन येतात. पाणी शोधायला आलोत म्हणतात, पण गावकऱ्यांना भलतेच प्रश्न विचारतात. मितेब अल-हथाल हा गावचा माणूस पहिल्या दिवसापासून सांगत असतो की यांचं लक्षण ठीक नाही. अमीर मात्र त्यांच्या बाजूचा. यंत्रं येतात, झाडं आडवी होतात, आणि मितेब उंटावर बसून वाळवंटात निघून जातो. तो परत येत नाही, नुसता लोकांच्या बोलण्यात उरतो. त्याच्या गावची पोरं पुढे हर्रान बंदरात कंपनीचे कामगार होतात, आणि खंड संपता संपता संप करतात. आमच्या मते या कादंबरीचं बळ इथे आहे. तिला एक नायक नाही, अख्खं गाव आहे. काही इंग्रजी समीक्षकांना हाच दोष वाटला! अमिताव घोष यांनी मात्र १९९२ मध्ये तिच्यावर लिहिताना मोठा प्रश्न विचारला: तेलाने जग एवढं बदललं, तरी त्यावर कादंबऱ्या इतक्या कमी का?

शीर्षकाचा अर्थ मुनीफ सांगायचा की पाणी आलं की ही शहरं विरघळतील. पेणच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मिठागरात अवकाळी पाऊस पडला तर काय होतं, किंवा उधाणात खारबंदिस्तीला खांड गेली की भातशेतीचं काय होतं, हे त्याला ठाऊक आहे.

आणखीही एक गोष्ट त्याला ठाऊक आहे. २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत महामुंबई सेझवर शेतकऱ्यांचं जनमत घेतलं गेलं. जमीन द्यायची की नाही, हा प्रश्न मतपत्रिकेवर होता. पुढे ते भूसंपादन बारगळलं. दोन्हींची बरोबरी करू नका. वादी अल-उयूनमध्ये मितेबला कुणी मत विचारलंच नव्हतं, आणि नेमका तोच फरक लक्षात घेऊन ही कादंबरी पेणमध्ये वाचावी.

एक बाजू मुनीफमध्येही कमी येते, ती बाहेरून आलेल्या नोकरमाणसांची. कुवेतच्या सऊद अल-सनूसी या तरुण लेखकाने ती उचलली. 'साक अल-बांबू' या त्याच्या कादंबरीचा नायक कुवेती बाप आणि फिलिपिनो मोलकरीण यांचा मुलगा. २०१३ मध्ये तिला अरबी कादंबरीचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. घरातलं कुणी आखातात राबून आलं असेल, तर ती त्यांच्याबरोबर वाचा. पुढच्या वेळी आपण तिच्यापासूनच सुरुवात करू.