व्यायामजन्य भोवळ

व्यायामजन्य भोवळ म्हणजे शारीरिक श्रम चालू असताना, ते थांबवताक्षणी किंवा त्यानंतर काही वेळाने येणारी चक्कर होय. दीर्घकाळ बैठे जीवन जगल्यानंतर नव्याने व्यायामास आरंभ करणाऱ्यांमध्ये ती विशेषत्वाने आढळते. बहुतेक वेळा रक्तदाबाची तात्पुरती घसरण, शरीरातील पाण्याची कमतरता किंवा रिकामे पोट हे तिचे कारण असते आणि थोड्या विश्रांतीने ती ओसरते. क्वचित मात्र ती हृदयविकार, उष्माघात किंवा पंडुरोग यांची पूर्वसूचना ठरते. भोवळ श्रम चालू असताना आली की श्रम थांबल्यावर आली, यावरून तिच्या गांभीर्याचा पहिला अंदाज बांधता येतो.

संज्ञा

मराठीत ‘चक्कर येणे’ हा शब्दप्रयोग अनेक वेगवेगळ्या अनुभवांसाठी केला जातो. त्यांपैकी दोन प्रकार वैद्यकीयदृष्ट्या भिन्न आहेत. पहिल्या प्रकारात डोळ्यांपुढे अंधारी येते, कानांत गुणगुणल्यासारखे होते, घाम सुटतो आणि आता आपण कोसळणार असे वाटते. मेंदूला होणारा रक्तपुरवठा क्षणभर अपुरा पडल्याचे हे लक्षण होय. दुसऱ्या प्रकारात भोवतालच्या वस्तू किंवा घर गरगर फिरत असल्याचा भास होतो. त्याचे मूळ बहुधा अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत असते. रुग्णाने नुसते ‘चक्कर आली’ असे न सांगता ‘अंधारी आली’ की ‘गरगरले’ हे स्पष्ट केल्यास निदान सुकर होते.

शरीरातील प्रक्रिया

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्तीचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त शरीरात ढकलते. निरोगी तरुण व्यक्तीत जोरदार श्रमांच्या वेळी हे प्रमाण चौपटीपर्यंत वाढते. विश्रांतीत या रक्ताचा साधारण एक पंचमांश भाग स्नायूंकडे जातो. जोरदार श्रमांत तो चार पंचमांशांपर्यंत पोहोचतो, कारण काम करणाऱ्या स्नायूंमधील रक्तवाहिन्या रुंदावतात.

पायांकडे गेलेले रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हृदयाकडे परत आणण्याचे काम मुख्यतः पोटऱ्यांचे व मांड्यांचे स्नायू करतात. चालताना वा धावताना ते आकुंचन पावतात आणि नीला दाबून रक्त वर चढवतात. धावणारी व्यक्ती एकाएकी थांबून स्थिर उभी राहिली, तर हा उपसा बंद पडतो. रुंदावलेल्या रक्तवाहिन्या मात्र लगेच पूर्ववत होत नाहीत. परिणामी रक्त पायांत साचते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते, रक्तदाब उतरतो आणि अंधारी येते. व्यक्ती कोसळून आडवी झाली की मेंदू व हृदय एका पातळीवर येतात, रक्तपुरवठा सुधारतो आणि बहुधा मिनिटभराच्या आत शुद्ध येते. अशा व्यक्तीला धरून उभे करणे किंवा खुर्चीवर बसवणे म्हणूनच अहितकारक ठरते.

नवशिक्यांमध्ये हा त्रास अधिक असण्याचे कारण शरीराच्या जुळवणीत आहे. नियमित व्यायामाने पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवभाग वाढतो. उष्ण हवेत सराव झाल्यास घाम लवकर सुटू लागतो व त्यातून जाणारे मीठ कमी होते. आरंभीच्या दिवसांत ही राखीव शक्ती शरीरापाशी नसते.

भोवळ येण्याची वेळ आणि कारणे

व्यायाम थांबल्यावर: वर वर्णिलेली रक्तदाबाची घसरण हे याचे सर्वाधिक आढळणारे कारण आहे.

बसल्याचे किंवा निजल्याचे उठताना: उभे राहिल्यापासून ३ मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब किमान २० किंवा खालचा किमान १० मिलिमीटर (पारा) इतका उतरल्यास त्यास उत्थानजन्य अल्परक्तदाब म्हणतात. उच्च रक्तदाबाची, लघवी वाढवणारी व प्रोस्टेटच्या विकारावरील काही औषधे घेणाऱ्यांत तो अधिक दिसतो. आखाड्यातील बैठका झपाझप काढताना, तसेच औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हिरिरीने प्रसार केलेले सूर्यनमस्कार घालताना शरीराची स्थिती वारंवार बदलते. त्यामुळे सवय नसलेल्या व्यक्तीला अंधारी येऊ शकते.

श्वास रोखल्यावर: वजन उचलताना श्वास कोंडून जोर लावल्यास छातीतील दाब वाढतो व हृदयाकडे येणारे रक्त अडते. श्वास सोडताच रक्तदाब क्षणभर हेलकावतो आणि भोवळ येते.

मान वळवताना: अंतर्कर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकांत शिरले, की डोके विशिष्ट दिशेला वळवताच काही सेकंद गरगरते. जमिनीवर पाठीवर निजून करावयाच्या व्यायामांत हे प्रथम लक्षात येऊ शकते. डोक्याच्या ठरावीक हालचालींद्वारे डॉक्टर हे स्फटिक मूळ जागी नेऊ शकतात.

उपाशीपोटी: रात्रीच्या जेवणानंतर काहीही न खाता, केवळ चहावर केलेल्या दीर्घ व्यायामाने अशक्तपणा व चक्कर येऊ शकते. इन्सुलिन किंवा इन्सुलिनचा स्राव वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींत रक्तातील साखर १०० मिलिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली जाण्याचा धोका असतो. ही घसरण व्यायामानंतर काही तासांनीही होऊ शकते.

श्रम ऐन भरात असताना: धावता-धावता, पूर्वसूचना न देता शुद्ध हरपणे हे सर्वांत गंभीर लक्षण मानले जाते. हृदयाच्या स्नायूची जन्मजात जाडी, झडपेचे आकुंचन किंवा हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड यांमुळे असे घडू शकते. वरकरणी निरोगी तरुणांतही हे विकार असतात.

परभणी जिल्हा व मराठवाड्यातील संदर्भ

गोदावरीच्या खोऱ्यातील परभणी जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. अशा हवेत शरीर थंड राखण्यासाठी बरेच रक्त त्वचेकडे वळवले जाते. त्याच वेळी स्नायूंचीही मागणी वाढलेली असते आणि घामावाटे द्रव घटत असतो. या तिहेरी ओढाताणीत मेंदूचा वाटा कमी पडून भोवळ येते. तिच्याकडे दुर्लक्ष करून श्रम चालू ठेवल्यास शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाऊन उष्माघात होऊ शकतो. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून शेतकऱ्यांसाठी हवामानविषयक सल्ला प्रसिद्ध होतो. त्यातील तापमानाचा अंदाज मैदानी सराव करणाऱ्यांनाही उपयोगी पडतो.

जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरी यांसारख्या तालुक्यांतील व राज्यभरातील ग्रामीण तरुण-तरुणींसाठी पोलीस भरती हे धावण्याच्या सरावाचे एक प्रमुख निमित्त असते. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस शिपाई भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीच्या वेळी काही उमेदवार कोसळले व त्यांचा मृत्यू झाला. त्या घटनेनंतर उन्हाची वेळ, मैदानावरील पाणी व वैद्यकीय सोयी यांविषयी राज्यभर चर्चा झाली. पुढे शिपाई पदासाठीचे अंतर घटवण्यात आले. सध्या पुरुषांना १६०० मीटर व स्त्रियांना ८०० मीटर धावावे लागते. तथापि कमी अंतर हे अधिक वेगाने धावावे लागते. त्यामुळे काही महिन्यांच्या क्रमशः सरावाची गरज त्याने संपत नाही. एका चाचणीवर नोकरी अवलंबून असल्याने उमेदवार अंधारी येत असतानाही थांबत नाहीत, हा यातील मुख्य धोका आहे.

पंडुरोग हे आणखी एक महत्त्वाचे कारण होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा आणि पुरुषाच्या रक्तात १३ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास पंडुरोग समजला जातो. अशा व्यक्तीला थोड्या श्रमानेही धाप लागते व भोवळ येते. ‘सवय नाही’ असे म्हणून ती सहन केली जाते, पण तिचे कारण रक्ततपासणीनेच कळते.

प्रतिबंध

व्यायामाचा वेळ व जोर आठवड्या-आठवड्याने वाढवावा. आरंभी ५ ते १० मिनिटे शरीर तापवावे. शेवटी एकदम न थांबता तितकाच वेळ सावकाश चालावे. जमिनीवरील व्यायामानंतर प्रथम कुशीवर वळावे, मग बसावे व नंतर उभे राहावे. वजन उचलताना श्वास सोडावा, रोखू नये. उन्हाळ्यात सूर्योदयाच्या सुमारास सराव करावा. व्यायामापूर्वी केळे, भिजवलेले शेंगदाणे किंवा दशमीचा तुकडा असे हलके खाणे घ्यावे. पाणी तहानेनुसार थोडे-थोडे प्यावे. दीर्घ श्रमांत केवळ साधे पाणी अतिप्रमाणात पिण्यानेही रक्तातील सोडियम घटून चक्कर येऊ शकते. रक्तदाबाची वा मधुमेहाची औषधे स्वतःहून बंद करू नयेत. त्यांच्या वेळेबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्रथमोपचार

भोवळ येऊ लागताच व्यायाम थांबवून सावलीत आडवे व्हावे व पाय एक-दीड फूट उंच ठेवावेत. आडवे होणे शक्य नसल्यास खाली बसून डोके गुडघ्यांत घ्यावे. पूर्ण शुद्धीवर असल्यास पाणी किंवा जलसंजीवनी द्यावी. जलसंजीवनीची पुडी नसेल, तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ मिसळून ती घरी करता येते. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याच्या प्रथेचा उपयोग होत नाही, उलट त्यात मोलाचा वेळ जातो. अंग तापलेले असून व्यक्ती असंबद्ध बोलत असल्यास उष्माघात समजून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. श्वास बंद पडला असल्यास छातीवर दाब देणे तत्काळ सुरू करावे.

वैद्यकीय तपासणीची गरज

पुढील परिस्थितीत तपासणी होईपर्यंत व्यायाम बंद ठेवावा: श्रम चालू असताना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा अनियमित धडधड होणे, कुटुंबात तरुण वयात आकस्मिक मृत्यू झालेला असणे आणि काळजी घेऊनही भोवळ वारंवार येणे. बोलणे अडखळणे, एक हात वा पाय लुळा पडणे किंवा दोन-दोन दिसणे ही लक्षणे सोबत असल्यास रुग्णालयात तत्काळ जावे. आडव्या व उभ्या स्थितीतील रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तशर्करा व हृदयाचा विद्युत आलेख या तपासण्यांपासून निदानास सुरुवात होते. गरजेनुसार हृदयाची सोनोग्राफी केली जाते.