हळदीकुंकवात प्रचार? जरा थांबा!

चैत्रगौरीचं हळदीकुंकू. सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांची लगबग, कैरीची डाळ, थंडगार पन्हं आणि मोगऱ्याचे गजरे. एवढ्यात दाराशी गलका होतो. लोकसभेला उभे असलेले उमेदवार सपत्नीक आत येतात. मागोमाग कार्यकर्ते, त्यांच्या हातात स्टीलचे डबे. झाकणावर साहेबांचा फोटो आणि निवडणूक चिन्ह! "घ्या हो वहिनी, सणाची भेट आहे."

आता काय करावं? घ्यावं तर मिंधेपणा, नाकारावं तर वाईटपणा. शेजारच्या काकू तर त्याच पक्षाच्या!

अशा वेळी नियम ठाऊक असले की अवघडलेपण निम्मं कमी होतं. निवडणूक जाहीर होताच आदर्श आचारसंहिता लागू होते. १९६० साली केरळच्या विधानसभा निवडणुकीत तिची सुरुवात झाली. पुढे नव्वदच्या दशकात मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी तिचा धाक बसवला. आचारसंहिता हा स्वतः कायदा नाही, पण त्यातल्या अनेक गोष्टी कायद्यानेही गुन्हा ठरतात. मतासाठी भेटवस्तू देणं ही लाच आहे, आणि ती घेणाराही दोषी ठरतो, हे विसरू नका.

जागा सर्वांची

सार्वजनिक मैदानं एकाच पक्षाने अडवून ठेवायची नाहीत. सत्ताधाऱ्यांना ज्या अटींवर मिळतात, त्याच अटींवर ती विरोधकांनाही मिळायला हवीत. सरकारी विश्रामगृहात प्रचार कार्यालय थाटता येत नाही. मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांचा प्रचाराचं व्यासपीठ म्हणून वापर करायला मनाई आहे. धार्मिक संस्थांच्या गैरवापराविरुद्ध तर १९८८ पासून स्वतंत्र कायदाच आहे.

तुमच्या भिंतीवर किंवा कुंपणावर तुमच्या परवानगीशिवाय झेंडा वा पोस्टर लावता येत नाही. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. मुलांची परीक्षा तोंडावर असेल, तर हे आवर्जून लक्षात ठेवा.

मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जाहीर सभा बंद होतात. इतकंच नव्हे, गाण्याची मैफल, नाटक किंवा करमणुकीचा कार्यक्रम ठेवून गर्दी जमवायची आणि त्यातून प्रचार करायचा, हेही चालत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत मतं मागायला बंदी असते.

तक्रार कुठे कराल?

लोकसभा-विधानसभेच्या वेळी निवडणूक आयोगाचं 'सी-व्हिजिल' हे मोबाइल अ‍ॅप वापरता येतं. २०१८ पासून ही सोय आहे. जागेवरच फोटो किंवा व्हिडिओ काढून पाठवायचा. नाव न सांगताही तक्रार करता येते आणि १०० मिनिटांत तिची दखल घेतली जावी, असा आयोगाचा प्रयत्न असतो.

पण प्रत्येक वेळी तक्रारीपर्यंत जायलाच हवं असं नाही. सोसायटीच्या सभेत आधीच ठरवून टाका, की सणासमारंभात कुणाचाच प्रचार नको. हॉल द्यायचाच झाला, तर सर्व पक्षांना सारख्याच भाड्याने आणि वेगळ्या दिवशी द्या. नियम सर्वांना एकच असला की शेजारच्या काकूही रुसणार नाहीत.

आणि उमेदवार दारात आलेच, तर हसून म्हणा, "या ना, पन्हं घ्या. डबे मात्र गाडीतच राहू द्या!"