पोत्यातली पिल्ले

फोपनारला मावशीकडे गेले की ओसरीवर पहिली भेट मांजराची होते. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले हे गाव अभ्यासकांना ठाऊक आहे ते तिथे सापडलेल्या प्राचीन बुद्धमूर्तींमुळे. आम्हा भाचरांना ते आठवते केळीच्या बागा आणि मावशीची मांजरे यांच्यामुळे. आपल्याकडे जशी मराठी-कानडीची सरमिसळ, तशी तिकडे मराठी-हिंदीची. आपल्या घरात आजी ‘बेक्कु’ म्हणते नि नात ‘माऊ’. तिकडे मावशी मांजर म्हणते नि नातवंडे बिल्ली. रीत मात्र दोन्हीकडे एकच. पिल्ले महिना-दीड महिन्यांची झाली की पोत्यात घालायची आणि ओढ्यापलीकडे शेतात सोडून यायची.

मारायचे नाही, कारण मांजर मारले तर सोन्याचे मांजर दान करावे लागते अशी समजूत. सोडून आले की पाप लागत नाही, असे आपणच ठरवले आहे. प्रत्यक्षात त्यातली कितीतरी पिल्ले उपाशी किंवा कुत्र्यांच्या तोंडी मरतात. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळीव जनावराला अन्नपाण्यावाचून हाल होतील असे सोडून देणे हा गुन्हाच आहे. जी पिल्ले तगतात ती माणसाला बुजतात आणि शिकारीवर पोट भरतात. कानडीत म्हण आहे, ‘बेक्किगे चेल्लाट, इलिगे प्राणसंकट’; मांजराचा खेळ आणि उंदराचा जीव जातो. पण शेतात जीव नुसत्या उंदराचा जात नाही. जमिनीवर अंडी घालणारी टिटवी, तित्तिर, कुंपणातला बुलबुल, सरडे, सगळेच त्यात येतात.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. याच शेतांत मांजराचे जंगली भाऊबंद राहतात. रानमांजर तर बऱ्याच ठिकाणी असते. जुन्नर भागात ऊसतोडीच्या वेळी वाघाटीची पिल्लेही सापडतात. वाघाटी म्हणजे जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक, वजन जेमतेम दीड किलो. लोकांना ती बिबट्याची पिल्ले वाटतात. वनखाते आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राचे लोक ती पुन्हा आईजवळ पोचवतात. सोडून दिलेले मांजर या भाऊबंदांचे भक्ष्य वाटून खाते, त्यांच्याशी संकर होण्याचा धोका असतो, आणि रोगही पसरू शकतो. बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात २०२३ साली बिबट्याची सात पिल्ले एका विषाणूने दगावली. तोच रोग घरच्या मांजरांनाही होतो, आणि त्याची लस मिळते.

मग करायचे काय? हाकलून किंवा उचलून नेऊन उपयोग होत नाही. खाणे आणि आडोसा आहे तिथे दुसरी मांजरे येतात. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दिवस भरतात साधारण नऊ आठवड्यांत, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. तेव्हा उपाय शस्त्रक्रियेचाच. पिंजऱ्यात धरायचे, वर कापड टाकायचे म्हणजे ते शांत राहते, नसबंदी आणि रेबीजची लस करून जिथून आणले तिथेच सोडायचे. भूल दिलेली असतानाच एका कानाचे टोक थोडे कापतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा धरले जात नाही. मुंबईत महापालिका कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नसबंदी करते. खेड्यात ही सोय सगळीकडे नाही, म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करावी. एक-दोन मांजरींची करून भागत नाही. वस्तीतली बहुतेक सगळी झाली तरच संख्या उतरते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण मांजरप्रेमी ती टाळतात. नसबंदी झालेले मांजरही शिकार करतेच. म्हणून जंगलाच्या कडेला किंवा पक्षी घरटी करतात अशा माळावर मांजरांना खाऊ घालू नये. तिथली मांजरे धरून, शक्य तर माणसाळवून, घर शोधून द्यावीत. आणि घरचे मांजर रात्री आत ठेवावे. इंग्लंडमध्ये एक्झिटर विद्यापीठाने ३५५ मांजरांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली आले. मांसाचे प्रमाण जास्त असलेले खाणे दिले तर घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटे मांजराशी खेळले तर २५ टक्क्यांनी. गळ्यातल्या घुंगराने मात्र विशेष फरक पडला नाही! आपण मांजराला दूध-पोळी घालतो नि ते चिमणी का धरते म्हणून रागावतो. शाकाहारी घरात मांस कुठून आणायचे, हा प्रश्न खराच. पण सुतळीला चिंधी बांधून खेळवायला पैसे पडत नाहीत. ते काम मुलांकडे द्यावे.

गेल्या खेपेला मावशीला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, “दवाखान्यात नेऊ कशात, पोत्यात?” मी म्हटले, टोपलीवर टोपली पालथी घालून दोरी बांधा. तिने माळ्यावरून केळीच्या दोन जुन्या टोपल्या काढल्या. मांजरी तेवढ्यात कौलांवर चढली, ती दुसऱ्या दिवशीच खाली आली.